वऱ्हाडचे गहाणखत आणि पाण्यावरचा पहारा

मुलूख एकाचा, कबजा दुसऱ्याचा आणि रयतेला पुसणारा कोणी नाही, ही स्थिती आपल्या शेजारच्या वऱ्हाडाने नव्वदांहून अधिक वर्षे भोगली आहे.

छत्रपती संभाजीनगरची, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादची, छावणी तुमच्या पाहण्यात असेल. हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचे एक ठाणे तेथे होते. फौज निजामाच्या नावाची, अधिकारी इंग्रज आणि खर्च निजामाच्या माथी. तो खर्च थकला म्हणून १८५३ साली कंपनी सरकारने वऱ्हाड, धाराशिव व रायचूर दुआब हे प्रांत तहाने ताब्यात घेतले. १८६० साली धाराशिव व रायचूर परत मिळाले. वऱ्हाड अडकले ते अडकलेच. १९०२ साली कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये ठरवून ते कायमच्या पट्ट्याने घेतले. मालकी निजामाची, असे कागद म्हणतच राहिला. १९३६ साली तर निजामाच्या पुत्राला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला!

किताब हैदराबादेत राहिला. महसूल, कचेरी, पोलीस, टपाल व आगगाडी यांच्या किल्ल्या मात्र इंग्रजांच्या कमरेला होत्या. खामगावचा लोहमार्ग १८७० साली खुद्द व्हाइसरॉय मेयो याने उघडला, कारण तेथे कापसाचा मोठा बाजार होता. जिकडे रुई तिकडे रूळ.

यावर कोणी म्हणेल की, इंग्रजांमुळेच आपल्या बापजाद्यांना शाळेचे दार किलकिले झाले. हे मी नाकारीत नाही. नाकारणारा कृतघ्न ठरेल. परंतु जी सोय दुसऱ्याच्या मर्जीने मिळते ती त्याच्याच मर्जीने बंदही होते, आणि तेव्हा तुम्ही दाद कोणाकडे मागणार? कबजेदार म्हणणार, मालकाकडे जा. मालक म्हणणार, माझ्या हाती काय आहे?

आणि हा मालक तरी कसा होता? १९३४ साली बाबासाहेब आपल्या सहकाऱ्यांसह वेरूळला निघाले असता दौलताबादचा किल्ला पाहावयास गेले. वेशीजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. पाणी बाटविले म्हणून गिल्ला झाला, शिव्या झाल्या. अखेर आत सोडले ते पाण्याला शिवणार नाही या अटीवर, आणि ते शिवतील म्हणून बरोबर हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. जो निजाम वऱ्हाडसाठी इंग्रजांशी पत्रव्यवहार करीत होता, त्याच्याच राज्यातली ही गोष्ट. वऱ्हाड त्याच्या हाती परत आले असते, तर आपल्या माणसांच्या घागरी भरल्या असत्या काय?

तो शिपाई आजही जगात उभा आहे. १९६७ साली इस्रायलने जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा व्यापला. त्याच वर्षी लष्करी हुकूम निघाले: पाण्यावरचा सर्व अधिकार लष्करी अंमलदाराकडे, आणि परवान्यावाचून नवी विहीर नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने निरपराध माणसांचे हत्याकांड केले. त्याचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्यानंतर गाझा पट्टीची वीज, अन्न, इंधन व पाणी तोडण्याचे हुकूम इस्रायलच्या मंत्र्यांनी उघडपणे दिले. तान्ह्या मुलाने कोणावर शस्त्र उचलले होते? ज्या लोकांना अटी घालून पाणी दाखविले गेले, त्यांच्या मुलांनी तरी ही बातमी परक्याची म्हणून वाचू नये.

१९४७ साली इंग्रज गेला, १९४८ साली निजामाची सत्ता गेली, १९५६ साली वऱ्हाड व मराठवाडा एकाच राज्यात आले. सार्वजनिक विहिरी, तलाव, रस्ते यांवरून कोणाही नागरिकास जातीमुळे अडविता येणार नाही, असे संविधानाच्या पंधराव्या कलमाने बजाविले. किल्ली आता कोणाच्या कमरेला आहे? ज्या गावी नळयोजनेची वाहिनी बौद्धवाड्याच्या अलीकडे संपते, तेथे हा प्रश्न अजून सुटलेला नाही. अशा गावातील मंडळींनी, विशेषतः डोक्यावर हंडा वाहणाऱ्या भगिनींनी, येत्या ग्रामसभेस जावे. वाहिनीचा नकाशा मागावा, पाणी कोणत्या आळीस किती वेळ सुटते हे विचारावे, उत्तर लेखी घ्यावे आणि इतिवृत्तात नोंद झाल्यावाचून सभेतून उठू नये.