संगीताची पदवी आणि घरची वही

या वैशाखांत आमच्या पानशेतच्या घरीं एक प्रश्न उभा राहिला. तो वाचकांच्या घरींहि आज ना उद्यां उभा राहणारा आहे, म्हणून त्याची हकीकत येथें देतों.

आमच्या धाकट्या बंधूंची नात बारावी उत्तीर्ण झाली. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या गायनपरीक्षांपैकीं मध्यमा तिनें पुरी केली आहे. पुण्यास विद्यापीठाच्या ललित कला केंद्रांत संगीताची पदवी घ्यावयाची, असें तिनें सर्वांसमक्ष सांगितलें. क्षणभर माजघरांत कोणी बोललें नाहीं. मग तिचे वडील आम्हांस म्हणाले, "अण्णा, तुम्हीच हिशेब करून सांगा."

आम्हीं वही काढली. पुणें येथून चाळीसएक किलोमीटर. परंतु संध्याकाळच्या तालमीनंतर रोज धरणाकांठच्या रस्त्यानें परतणें मुलीस सोयीचें नाहीं. राहणें व खानावळ मिळून महिना ९,००० धरले. वर्षाचे दहा महिने, अशीं तीन वर्षें, म्हणजे २,७०,०००. मिरजेचा एक बरा तंबोरा, शुल्क, पुस्तकें व जाणें-येणें यांस चांगले ८०,००० लागतील. एकूण साडेतीन लाख. हीच रक्कम शेंकडा सात दरानें ठेवींत ठेविली तर महिना दोन हजार व्याज घरबसल्या येतें.

आतां जमेची बाजू. घरीं वीस मुलें शिकविलीं व प्रत्येकीं ७०० घेतले, तर महिना १४,००० होतात. मे महिन्यांत वर्ग ओस पडतो तो वेगळा. परंतु येथेंच खरी मेख आहे. हे चौदा हजार मिळविण्यास विद्यापीठाची पदवी लागत नाहीं. विशारद झालेल्या शिक्षिकेकडेहि पालक मुलें पाठवितात. आकाशवाणीची चांचणी घेणारे कंठ ऐकतात, प्रमाणपत्र नव्हे. मैफलीचें तर बोलावयासच नको. मग साडेतीन लाखांनीं विकत काय मिळतें? दोन दारांची किल्ली. केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक संगीतशिक्षकाच्या जागेस संगीताची पदवी लागते. तेथें मूळ वेतन ३५,४०० पासून आहे. महाविद्यालयांत अध्यापक होण्यास पदव्युत्तर पदवी व नेट किंवा सेट परीक्षा हवी. तेथें आरंभ ५७,७०० चा. मात्र जागा थोड्या, आणि पुष्कळांस तासिका तत्त्वावरच वर्षें काढावीं लागतात. विशारद म्हणजेच पदवी, असें समजून पालक निश्चिंत राहतात, तेंहि बरोबर नाहीं. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्यानें पदवी देण्याचा अधिकार विद्यापीठें व तत्सम अधिकृत संस्था यांसच आहे. विशारद कोठें समकक्ष धरितात, कोठें नाहीं. जाहिरातींतील शब्द नीट वाचावे.

गाण्यावर पोट भरेल काय, हा प्रश्न कांहीं आजचा नव्हे. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुसकरांनीं ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें, आणि गाणें हें शुल्क देऊन, पुस्तक घेऊन, परीक्षा देऊन शिकण्याची विद्या झाली. भल्या घरच्या मुलींस तंबोरा हातीं धरणें शक्य झालें तें या माणसामुळें. त्यांची मुंबईची इमारत मात्र कर्जापायीं गेली. फळ शिष्यांच्या पदरीं पडलें. विनायकबुवा पटवर्धनांनीं १९३२ मध्यें पुण्यास विद्यालय काढलें. ओंकारनाथ ठाकूर काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत संगीताचे प्रमुख झाले. दुसरी वाटहि आहे. भातखंडे वकील होते. वसंतराव देशपांडे यांनीं संरक्षण हिशेब खात्यांत कित्येक वर्षें कारकुनी केली. प्रभा अत्रे यांच्यापाशीं विज्ञानाची व कायद्याची पदवी होती. त्या आकाशवाणींत होत्या व पुढें श्रीमती नाथीबाई ठाकरसी विद्यापीठांत संगीताच्या प्राध्यापक झाल्या.

हें सर्व आम्हीं मोठ्या ऐटींत वाचून दाखविलें आणि सुचविलें कीं, मुलीनें वाणिज्याची पदवी घ्यावी व गाणें बाजूस चालूं ठेवावें. तोंच मुलीची आजी स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणाली, "भावोजी, नातवाच्या इंजिनियरिंगला सहा लाखांचें कर्ज काढलें, तेव्हां ही वही कोठें होती?"

नातू आमचाच. त्यास आज २२,००० मिळतात, त्यांतील आठ हजार हप्त्यास जातात. त्या वेळीं व्याज, जागांची संख्या, पहिला पगार, यांपैकीं आम्हीं कशाचीहि चौकशी केली नव्हती. चाळीस वर्षें मुलांस त्रैराशिक शिकविलेल्या माणसास उत्तर देतां आलें नाहीं.

पुन्हां बसलों. केंद्र सरकारच्या संस्कृति मंत्रालयाची तरुण कलावंतांकरितां शिष्यवृत्ति आहे: वय अठरा ते पंचवीस, महिना ५,०००, दोन वर्षें. पुढील वर्षीं तिनें अर्ज करावयाचा. विशारदहि सोडावयाचें नाहीं. दुसऱ्या वर्षापासून रविवारीं चार मुलें शिकवावयाचीं, कारण शिकविणें आवडतें कीं नाहीं हें आधींच कळलेलें बरें. वरील दोन्ही दारें शिकविण्याचींच आहेत. मुलीनें सर्व मान्य केलें, फक्त तंबोरा आधीं हवा म्हणाली. तो घेण्याचें ठरलें आहे.

प्रवेशाची चांचणी पुढील पंधरवड्यांत आहे. सोबत तिची आजी जाणार आहे.