मोटर नंतर, वही आधी!

प्रत्येक ग्रुपमध्ये एक तरी असा असतोच. आरसी कार घेतो, दोन दिवस पार्किंगमध्ये पळवतो आणि तिसऱ्या दिवशी विचारतो, ‘‘याच्यापेक्षा फास्ट मोटर कुठली रे?’’

आमच्या ग्रुपमध्ये तो मी होतो. दोन महिन्यांचा पॉकेटमनी साठवला आणि कमी टर्न्सची ब्रशलेस मोटर टाकली. सरळ रस्त्यावर गाडी अशी काही सुटली की सगळे ओरडायलाच लागले. पहिल्या वळणावर मात्र तिने गर्रकन गिरकी घेतली आणि कठड्यावर आपटली. पुढचा सस्पेंशन आर्म गेला. आर्म बदलून परत उतरलो, तर साध्या मोटरवाल्या एका फर्स्ट इयरच्या मुलीने पाच मिनिटांत मला दोन लॅप मागे टाकलं. तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त काय होतं? एक वही.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे : वेग विकत घेण्याआधी गाडी सेट करायला शिका.

टूरिंग कार म्हणजे खऱ्या रेसिंग कारची 1:10 आकाराची, चारही चाकांना पॉवर मिळणारी धाकटी बहीण. स्प्रिंग, शॉकमधलं ऑइल, कॅम्बर, टो, अँटी-रोल बार, सगळं तिच्यात आहे आणि सगळं बदलता येतं. वळताना गाडी पुढेच सरकत जाते? म्हणजे पुढच्या टायरना ग्रिप कमी पडतेय. शेपूट फिरते? मग मागच्यांना. ढोबळ नियम असा, की ज्या बाजूची स्प्रिंग मऊ, त्या बाजूला ग्रिप जास्त. मागच्या चाकांची तोंडं थोडी आत वळवली (साधारण 3 अंश), की गाडी स्थिर होते, पण वळायला जरा आळशी. पिनियन मोठा लावला तर टॉप स्पीड वाढतो, पण पिकअप जातो आणि मोटर तापते. इथे फुकट काहीच मिळत नाही. एक घ्या, दुसरं सोडा.

आणि ग्रिप जितकी जास्त तितकं चांगलं, असंही नाही बरं का! कार्पेटच्या ट्रॅकवर ग्रिप कधी कधी इतकी वाढते की गाडी वळणात थेट उलटते. मग रेसर लोक पुढच्या टायरच्या बाहेरच्या कडेला चक्क सुपरग्लू लावतात, ग्रिप कमी करायला!

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं महागडं काम. काही भाग आहे महाग, नाकारत नाही. पण सुरुवातीची कामं बिनपैशाची असतात. शॉक सोडवून बघा, आर्म स्वतःच्या वजनाने खाली पडतो का? अडकत असेल तर कुठलीही स्प्रिंग उपयोगाची नाही. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पुढच्या बाजूला बरोबर मध्यावर टेकवून गाडी हळूच उचला. दोन्ही चाकं एकदम उठली पाहिजेत. एक आधी उठलं तर चासी पिळलीय किंवा दोन्हीकडच्या स्प्रिंगचा ताण वेगळा आहे. अशी गाडी डावीकडे एक वागणार, उजवीकडे दुसरंच. माझी नेमकी तशीच होती आणि मी दोष देत होतो मोटरला.

त्या मुलीचा नियम एकच : एका वेळी एकच बदल, मग पाच लॅप, मग वहीत वेळ. स्प्रिंग आणि ऑइल एकदम बदललं आणि गाडी सुधारली, तर श्रेय कुणाला देणार? आणि बिघडली तर? सुधारणा नाही झाली की मूळ सेटिंगवर परत. टॉपचे ड्रायव्हरही हेच करतात. त्यांच्या सेटअप शीटवर ऑइलपासून चाकाच्या कोनापर्यंत प्रत्येक आकडा असतो.

खरं सांगू? प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये आपण रीडिंग्ज कुठून आणतो, हे तुम्हालाही माहितीय आणि मलाही. सिनियरची फाइल जिंदाबाद! इथे ते चालत नाही. दुसऱ्याची शीट जशीच्या तशी उतरवली तरी तुमचा ट्रॅक वेगळा, टायर वेगळे, हात वेगळा. टायमरला व्हायवा देता येत नाही.

म्हणून टेकफेस्ट भरवणाऱ्या मित्रमैत्रिणींकडे एक मागणी. आरसी रेसमध्ये एक स्टॉक क्लास ठेवाच. सगळ्यांना सारख्या टर्न्सची मोटर (17.5 किंवा 21.5), सारखे टायर आणि स्पीड कंट्रोलर झीरो टायमिंगवर. जगभरच्या क्लब रेसिंगमध्ये असे क्लास असतात. आणि प्रत्येकाकडून रेसआधी सेटअप शीट भरून घ्या. मग कुणाच्या बाबांचं पाकीट किती जाड, याची रेस होणार नाही. होस्टेलवर राहणारा, सेकंडहँड गाडी घेऊन आलेला पोरगाही जिंकू शकेल. आज असा पोरगा बहुतेक वेळा नावच देत नाही, हे मला जास्त खटकतं.

माझी ती भारी मोटर सध्या ड्रॉवरमध्ये आहे. वहीची मात्र चाळीस पानं भरलीत. त्या मुलीला अजून हरवलेलं नाही, पण दोन लॅपचा फरक आता अर्ध्या लॅपवर आलाय. आणि तो कशामुळे आला, हे मी पान काढून दाखवू शकतो.