निर्वासितांच्या छावणीत दुधाचे डबे नकोत

युद्धामुळे घरदार सोडून पळालेल्या लोकांच्या छावण्या टीव्हीवर दिसू लागल्या, त्यांतली बरगड्या मोजून घ्याव्यात अशी मुले दिसू लागली, की आपल्याकडेही मदत गोळा होऊ लागते. लोक सढळ हाताने देतात. जुने कपडे, बिस्किटांचे पुडे, बाळांच्या दुधाच्या भुकटीचे डबे, घरात उरलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या. "डॉक्टर, तुमच्याकडे सॅम्पलची औषधे पडून असतील, तीही द्या," असे सांगायला मंडळी माझ्या दवाखान्यात येतात. त्यांच्या भावनेबद्दल मला शंका नाही. परंतु यातल्या बऱ्याच वस्तूंनी छावणीतले मूल वाचत नाही, आणि काहींनी ते दगावूही शकते.

मुळात छावणीत मूल कशाने जाते? आपल्याला वाटते, भुकेने. प्रत्यक्षात भूक त्याला दुबळे करते. नेतात ते जुलाब, गोवर आणि न्यूमोनिया. १९९४ च्या जुलैमध्ये रवांडातून ५ ते ८ लाख माणसे सीमा ओलांडून झैरेतील (आताच्या काँगोतील) गोमा या गावाजवळ आली. पहिल्या महिनाभरात त्यांतली सुमारे ५० हजार मेली. बहुतेक जुलाबांनी, आधी कॉलरा आणि मागोमाग रक्ती आव. जमीन ज्वालामुखीच्या खडकाची, संडासाला खड्डा खणता येईना की प्रेत पुरता येईना. प्यायला पाणी तळ्याचे.

तिथे डॉक्टर किंवा औषधे पोचली नव्हती असे समजू नका. जगभरातून पथके आली होती. पण ढाक्याच्या अतिसार संशोधन केंद्राच्या डॉक्टरांनी पाहणी केली, तेव्हा एका उपचार केंद्रात मृत्यूचे प्रमाण ४८ टक्क्यांपर्यंत गेल्याचे आढळले. कारणे काय, तर शरीरातले पाणी भरून काढण्याची गती मंद, तोंडाने पाजायच्या पाण्याचा अपुरा वापर, चुकीच्या प्रकारचे सलाईन आणि कॉलरा कधी न हाताळलेले कर्मचारी. त्या वर्षी मी इंटर्नशिप करीत होतो. मीठ-साखरेच्या पाण्याचे प्रमाण आम्हाला पीएसएमच्या परीक्षेसाठी तोंडपाठ होते, आणि दूरदेशीच्या मोठमोठ्या पथकांना तेच वापरायला जमले नाही, हे नंतर वाचून मी थक्क झालो.

ढाक्याच्या डॉक्टरांना चूक नेमकी दिसली, कारण ही विद्या त्यांच्याच भागात घडली होती, आणि तीही निर्वासितांच्या छावणीत. १९७१ साली पूर्व पाकिस्तानातून सुमारे १ कोटी लोक भारतात आले. मी तेव्हा पाळण्यातला. पण ज्येष्ठ वाचकांना पत्रावर जादा लावावे लागणारे पाच पैशांचे निर्वासित मदतीचे तिकीट आठवत असेल. पश्चिम बंगालमधील बनगाव येथे छावण्यांत कॉलरा पसरला. तेथील रुग्णालयात कलकत्त्याचे डॉ. दिलीप महालनबीस पोचले तेव्हा खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. रोगी जमिनीवर, त्यांच्याच मळात आणि ओकारीत पडलेले. सलाईनच्या बाटल्या संपत आल्या होत्या. डॉक्टरांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करून घेतल्या, पिंपात पाणी भरून त्यात त्या विरघळवल्या, पिंपाला तोटी बसवली आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले, कपाने पाजत राहा. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आले. हा अहवाल १९७३ मध्ये छापून आला. २०२२ मध्ये डॉ. महालनबीस वारले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. माझ्या मते निर्वासितांच्या मदतीत याहून मोठे काम गेल्या शतकात झालेले नाही. (आमच्या गावात मात्र जुलाबाचा पेशंट आजही आधी म्हणतो, "डॉक्टर, बाटली लावा.")

यातले औषध जितके महत्त्वाचे, तितकेच ते पाजणारे हात. उपचार आईच्या, भावाच्या हाती गेला म्हणून हजारो माणसांना एकाच वेळी देता आला.

कुपोषणाच्या बाबतीतही पुढे हेच घडले. अतिकुपोषित मुलाचे शरीर बंद पडत आलेल्या गिरणीसारखे झालेले असते. त्याला एकदम पोटभर जेवू घातले किंवा भराभर सलाईन सोडले, तर हृदयावर ताण येऊन ते जाऊ शकते. काहींच्या पायांवर सूज असते. बोटाने दाबले की खळगा राहतो. घरच्यांना वाटते, मूल बाळसे धरतेय. असे मूल फार आजारी असले तर दवाखान्यात ठेवून दर दोन-तीन तासांनी थोडे थोडे पातळ अन्न द्यावे लागते. पण ज्याला भूक लागते आणि दुसरा आजार नाही, त्याला घरी बरे करता येते. त्यासाठी शेंगदाण्याची पेस्ट, दुधाची भुकटी, साखर, तेल आणि जीवनसत्त्वे यांचे तयार पाकीट मिळते. वजन ९२ ग्रॅम, उष्मांक ५००. त्यात पाणी घालायचे नाही, शिजवायचे नाही; मूल पाकिटातूनच चोखून खाते. पाणी नसल्याने त्यात जंतू सहसा वाढत नाहीत. २००५ मध्ये नायजर देशात 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' या संस्थेने एका वर्षात ६० हजारांहून अधिक अतिकुपोषित मुलांवर उपचार केले, ते यामुळेच. २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने या पद्धतीला मान्यता दिली. मूल निवडायला दंडाला गुंडाळायची रंगीत पट्टी पुरते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, की धोका. आईलाही ती पट्टी लावता येते. (आपल्या मेळघाटातल्या मुलांना अशी पाकिटे द्यावीत की घरचे ताजे अन्न, हा वाद वेगळा आहे. जिथे चूल, धान्य आणि पाणी आहे तिथे मी वरण-भात, अंडी आणि शेंगदाण्याच्या बाजूचा आहे. छावणीत चूलच नसते.)

आता दुधाचे डबे. भुकटी कालवायला स्वच्छ पाणी हवे, बाटली उकळायला जळण हवे. छावणीत दोन्ही नसते. फुकटचा डबा मिळाला की आईचे अंगावरचे पाजणे कमी होते, आणि एकदा दूध आटले की ते परत आणणे कठीण. २००६ मध्ये इंडोनेशियात योग्यकर्ता भागातील भूकंपानंतर असे डबे भरमसाट वाटले गेले. ज्या मुलांना ते मिळाले, त्यांच्यात जुलाबाचे प्रमाण इतरांच्या दुपटीहून अधिक निघाले. ज्या बाळाला आईच नाही त्याला वरचे दूध लागतेच, पण ते तिथल्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून.

औषधांची कथा निराळी नाही. १९९२ ते १९९६ या काळात युद्धग्रस्त बोस्नियात आलेल्या औषधांपैकी सुमारे १७ हजार टन निरुपयोगी होती. मुदत संपलेली, लेबल न कळणारी, तिथे न लागणारी. ती नष्ट करण्याचा खर्च पुन्हा वेगळा. आपल्या कपाटातल्या अर्ध्या पट्ट्या त्यात भर घालतील, एवढेच.

मग द्यायचे काय? पैसे. आणि ते एकदाच देऊन थांबायचे नाही. मूल बरे व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात आणि छावण्या वर्षानुवर्षे उठत नाहीत. म्यानमारमधून २०१७ मध्ये ७ लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात कॉक्स बझारला आले. निधी आटल्यामुळे २०२३ मध्ये त्यांचे शिधापत्र माणशी महिना १२ डॉलरवरून आधी १० आणि मग ८ वर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस छावण्यांतील मुलांच्या तीव्र कुपोषणाचे प्रमाण १५ टक्क्यांवर, म्हणजे आणीबाणीच्या रेषेवर पोचले. २०२४ मध्ये शिधा पुन्हा वाढवला गेला. पण वाढीच्या वयातल्या मुलाच्या दृष्टीने मधले महिने परत येत नाहीत. २०२५ मध्ये अमेरिकन सरकारने आपली परदेश मदत संस्था गुंडाळली, आणि त्या गोंधळात अफगाणिस्तान व पाकिस्तानातील मुलांसाठी घेतलेली सुमारे ५०० टन पौष्टिक बिस्किटे दुबईच्या गोदामात मुदत संपून गेली. बिस्किटे होती, मुले होती, मधला माणूस काढून टाकला होता. मला याचा राग येतो.

तेव्हा वाचकहो, युनिसेफ, जागतिक अन्न कार्यक्रम यांसारख्या, तिथे आधीपासून पाय रोवून असलेल्या आणि हिशेब जाहीर करणाऱ्या संस्थेला पैसे द्या, पावती घ्या. एकदम पाच हजार देण्यापेक्षा दरमहा दोनशे परवडत असतील तर ते बरे. त्या पैशांतून त्यांनी ब्लीचिंग पावडर घेतली, संडास बांधले किंवा गोवराच्या लशीसाठी शीतपेट्या घेतल्या, तर आपले पैसे मुलांच्या पोटात गेले नाहीत अशी तक्रार करू नका.