तरवडाला जागा ठेवा

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत चार दिवसांआड टँकर येई. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी अम्मी गुलाबाच्या कुंड्यांना घालत. तरी पाऊस येईपर्यंत निम्मे गुलाब वाळले. कुंपणाबाहेरचा तरवड मात्र हिरवागार! त्याला कुणी तांब्याभर पाणीही घातलं नव्हतं.

तरवड म्हणजे माळावर, बांधावर उगवणारं पिवळ्याधमक फुलांचं आपलंच झुडूप. शेळ्या सहसा त्याला तोंड लावत नाहीत. त्याच्या सालीनं पूर्वी कातडी कमावत.

शाळेच्या आवारातला तरवड आम्हीच ‘झाडोरा’ म्हणून काढायला लावला होता. मग मुलांनी लावलेल्या वांग्यांना फुलं आली, पण फळं मोजकीच धरली. उन्हानंही फुलं गळतात, त्यामुळे सगळा दोष तरवड तोडल्याचा, असं आम्ही म्हणणार नाही. पण एवढं खरं, की काळे भुंगे दिसेनासे झाले होते.

तरवडाच्या फुलात मध नसतो, असतो फक्त पराग. तोही परागकोशाच्या टोकावरच्या बारीक छिद्रात कोंडलेला. भुंगा फूल घट्ट धरून गुणगुणतो, त्या थरथरीनं पराग झडतो. वांग्याच्या फुलाची रचनाही अशीच असते. म्हणून तरवडावर येणारा भुंगा वांग्यालाही उपयोगी पडतो.

यंदा आम्ही मुलांना घेऊन वाळक्या शेंगा गोळा केल्या. बियांचं कवच टणक असतं. त्या पॉलिश पेपरवर हलक्या घासून रात्रभर भिजवल्या आणि पहिल्या पावसात कुंपणालगत, भरपूर ऊन लागेल अशा जागी पेरल्या. पावसानं ओढ दिली तेव्हा थोडं पाणी घातलं. मुळं धरल्यावर तेही लागत नाही. पाणी साचणारी जागा मात्र टाळावी.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर औषध फवारू नका. त्यांतल्या बऱ्याच फुलपाखरांच्या असतात, आणि झाड पुन्हा फुटतं. भुंगे वाळक्या लाकडात घर करतात, म्हणून एखादा जुना ओंडका कोपऱ्यात राहू द्या.

अम्मींनी या वर्षी एकच गुलाब ठेवला आहे. बाकीचं धुणवणाचं पाणी आता वांग्यांना जातं. तरवड काही मागत नाही. भगिनींनो, आपल्या कुंपणालगत तो आपोआप उगवला असेल, तर तोडण्याआधी एक सकाळ त्याच्याजवळ उभ्या राहा आणि कान देऊन ऐका.