नुसतं बटण दाबायला मुली?

आमच्या बचत गटातल्या एकीच्या मुलीने आयटीआयला मशिनिस्टचा ट्रेड घेतला, तेव्हा गल्लीत केवढी चर्चा झाली! ‘पोरीच्या जातीला लोखंडाची कामं कशाला? शिवणकाम नव्हतं का?’ खरं सांगते, मीही मनात तेच म्हटलं होतं. आता ती कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका कारखान्यात आहे. परवा मालकांना विचारून आम्ही चौघी तिचं काम बघून आलो.

कारखाना म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येतो तो तेलकट कपड्यांतला, लेथची चाकं फिरवणारा दांडगा माणूस. इथे सगळं काचेच्या दाराआड. आधी कॉम्प्युटरवर भागाचं ड्रॉइंग करतात. मग ‘कॅम’ नावाचं सॉफ्टवेअर, धातू कापणाऱ्या टूलने कुठून कुठे आणि किती वेगाने जायचं, त्याचा प्रोग्राम तयार करतं. ‘जी०१’ म्हणजे सरळ रेषेत कापत जा, ‘एम०३’ म्हणजे फिरायला लाग. मला बाई एकदम स्वेटरची वीण आठवली. दोन सुलट, एक उलट!

‘‘सगळं मशीनच करतं, मग तुझं काम काय गं?’’

‘‘मापं, काकू.’’

टूल झिजत जातं, तसा कापलेल्या जॉबचा बाहेरचा व्यास किंचित वाढतो. तो मायक्रोमीटरने मोजायचा आणि तेवढी दुरुस्ती मशीनला द्यायची. हिशेब मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात. आपला केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे बघा! इथे दंडातली ताकद लागते कुठे?

पण एक गोष्ट खटकली. तिथल्या बाकीच्या पाच मुली फक्त जॉब लावतात, बटण दाबतात, जॉब काढतात. माप चुकलं की सेटरला हाक मारायची. सेटर सगळे मुलगे, प्रोग्राम करणारेही मुलगेच. पगारातला फरक तर विचारूच नका. मालक म्हणाले, ‘‘मुली लग्न होऊन जातात हो, शिकवून काय उपयोग?’’ अहो, दोन हजार जास्त मिळाले की मुलगेही दुसरीकडे जातातच की! त्यांना शिकवताना हा हिशेब कुणी मांडतं का?

आणि जॉब लावण्या-काढण्याचं काम करणारे रोबोटचे हात आता कारखान्यांत येऊ लागले आहेत. ते शिरोलीतल्या त्या शेडमध्ये आले, तर आधी घरी कोण बसणार, हे सांगायला नको.

मालकांना मी बोलले, ते हसले. पण दोष त्यांचा एकट्यांचा नाही. त्या पाचजणींपैकी दोघी आमच्याच भागातल्या, दहावीनंतर घरच्यांनी पुढे शिकवलंच नाही. आमची मुलगी आता जेवणाच्या सुट्टीत त्यांना ड्रॉइंग वाचायला शिकवते. गटाच्या पुढच्या बैठकीला मी त्या दोघींच्या आयांना बोलावलं आहे. येतो म्हणाल्यात.