जॉब न बदलणारा सेंटर फॉरवर्ड

एप्रिल आला की कॉफी मशीनपाशी एकच विषय : कोण कुठे चाललं, किती हाइक मिळाली? अशा वेळी मला हटकून जॉन ॲटियो आठवतो. इंग्लंडच्या ब्रिस्टॉल सिटी क्लबात हा पठ्ठ्या १९५१ साली आला आणि १९६६पर्यंत हललाच नाही! क्लब कधी सेकंड डिव्हिजनला, कधी थर्डला. ह्याचे गोल मात्र ३५१. देशासाठी सहा मॅचेस, पाच गोल. १९५७मध्ये डब्लिनला अगदी शेवटच्या क्षणी त्याने गोल मारला आणि इंग्लंडचं वर्ल्ड कपचं तिकीट पक्कं झालं. त्यानंतर टीममध्ये बोलावणं? कधीच नाही.

मग मोठा क्लब का नाही गाठला? एक तर १९६१पर्यंत पगाराला कायद्यासारखी मर्यादाच होती. शेवटी शेवटी आठवड्याला २० पौंड. मोठ्या क्लबातही पाकीट तेवढंच! आणि दुसरं म्हणजे, गडी निव्वळ फुटबॉलवर अवलंबून नव्हता. बांधकामाच्या खर्चाचे हिशेब मांडण्याचं काम तो शिकला होता. पुढे शाळेत गणिताचा मास्तर झाला. म्हणून त्याचं एका जागी राहणं मला नाइलाज वाटत नाही, चॉइस वाटतो. तेव्हा दोस्तहो, राजीनामा टाइप करण्याआधी हातात दुसरं काय आहे ते बघा. मग खुशाल राहा, नाहीतर जा!