पाटीवरची लिपि

लिपि हा भाषेचा केवळ अंगरखा. जुना उतरवून नवा चढविला म्हणून अंगाचें कांहीं बिघडत नाहीं, असें प्रतिपादणारे पंडित आपल्याकडे थोडे नाहींत. त्यांस आम्ही जावा बेटाची हकीकत लक्षपूर्वक पाहावयास सांगतों.

जावी लिपि ही ब्राह्मीची पणती. दक्षिण भारतांतील पल्लव लिपीच्या द्वारें ती त्या बेटांत गेली व तेथेंच वाढली. तिचीं मूळाक्षरें २०. पहिल्या पांच अक्षरांवरून तिला ‘हनचरक’ म्हणतात. हीं विसांचीं वीस अक्षरें क्रमानें उच्चारलीं कीं एक कथा होते: आजी साका राजाच्या दोन सेवकांस परस्परविरुद्ध आज्ञा मिळाल्या, दोघेही स्वामिनिष्ठ, दोघेही तुल्यबळ, लढतां लढतां दोघेही पडले. जेथें मूल वर्णमालेबरोबरच निष्ठेचा असा पेंच शिकतें, तेथें लिपीस अंगरखा म्हणणें हा अरसिकपणाच नव्हे काय?

ही लिपि वार्धक्यानें थकली, असेंही कोणी म्हणूं नये. १८५५ सालीं सुरकर्ता शहरीं ‘ब्रमर्तानी’ हें वृत्तपत्र याच लिपींत छापूं लागलें होतें. पुढें डच अमलांत रोमन लिपीचा पगडा वाढला. १९४२ ते १९४५ च्या जपानी अमलांत जावी लिपीचा वापर फार घटला. आणि स्वातंत्र्यानंतर कचेऱ्या व वृत्तपत्रें यांत रोमनच कायम झाली.

आतां तिच्या ‘जतना’चा प्रकार पाहा. योग्यकर्ता व सुरकर्ता येथें रस्त्यांच्या पाट्यांवर ती झळकते. शाळेंतही ती शिकविली जाते. परंतु शाळेबाहेर पडल्यावर त्या मुलानें त्या लिपींत वाचावें काय, आणि लिहावें कोणास? पेंढा भरलेला वाघ दिवाणखान्यांत ठेवून रानाचें रक्षण केल्याचें समाधान मानावें, तसेंच हें आहे. १८१२ सालीं इंग्रजांनीं योग्यकर्त्याचा राजवाडा लुटून तेथील पोथ्या नेल्या. ब्रिटिश लायब्ररींतील अशा ७५ पोथ्यांच्या संगणकीय प्रती २०१९ सालीं राजवाड्यास मिळाल्या. मूळ पोथ्या लंडनलाच राहिल्या. पोथ्यांच्या प्रती परत येतात. वाचक कोठून आणावयाचे?

लिपि किचकट आहे, मुलांवर भार पडतो, असा एक आक्षेप आहे. आम्हांस तो टिकणारा वाटत नाहीं. थाई आणि ख्मेर या लिपि त्याच कुळांतल्या, आणि जावीहून सोप्या मुळींच नव्हेत. तरी त्यांत रोज वृत्तपत्रें निघतात, दुकानांचे हिशेब होतात. भेद अक्षरांच्या वळणांत नाहीं, वापरांत आहे.

आणि वापराची वाट तरी मोकळी आहे काय? २००९ सालीं या लिपीस युनिकोडांत स्थान मिळालें. पुढें २०२० सालीं इंडोनेशियाच्या संस्थेनें या लिपींतील आंतरजालीय पत्त्यासाठीं अर्ज केला. परंतु ती नित्य व्यवहारांत नाहीं, असें कारण दाखवून तो नाकारण्यांत आला. पोहतां येत नाहीं म्हणून पाण्यांत उतरूं द्यावयाचें नाहीं, आणि उतरत नाहीं म्हणून पोहतां येत नाहीं असें ठरवावयाचें! या न्यायानें कोणती लिपि तरेल?

मोडी व्यवहारांतून गेल्यावर काय झालें, हें पुण्याच्या पेशवे दप्तरांतील वाचकांची वाट पाहणारे रुमाल सांगतात. परंतु मराठीस बालबोधीचें दुसरें घर होतें, आणि तेंही ब्राह्मीच्याच कुळांतलें. जावी भाषेस मिळालें तें परक्याचें घर.

म्हणून आमचें म्हणणें इतकेंच कीं, पाट्या पुष्कळ झाल्या. त्या लिपींत मुलांच्या गोष्टी छापाव्या, आमंत्रणपत्रिका काढाव्या, आजीनें नातवास चार ओळींचें पत्र लिहावें. जी लिपि वाण्याच्या यादीस चालत नाहीं, तिला सोन्याच्या चौकटींत बसवून वांचविल्याचा आव आणूं नये.